कॅचरचा उजवा हात

पेटीत निजवलेल्या माझ्या बाबांचे हात फार सुंदर दिसत होते. माउंट निबो चर्चमधल्या बायका एकीमागून एक येऊन मला तेच सांगून जात होत्या. एरवी या बायका कुणाच्याही मयताला 'किती छान दिसतोय' म्हणतात, मालगाडीखाली सापडलेल्यालाही म्हणतात, पण त्या दिवशी त्या खरं बोलत होत्या. लांब, सरळ बोटं. नखं घासून गुळगुळीत केलेली. डाव्या हातावर उजवा हात अलगद ठेवलेला, एखाद्या पियानो शिकवणाऱ्या मास्तरांचा असावा तसा.

मी पेटीशी उभी होते आणि मला काहीही वाटत नव्हतं. दात काढण्याआधी सुई टोचली की गाल कसा होतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. नवे काळे बूट टाचेला चावत होते, तेवढं कळत होतं.

बेसेमर गावात होझिया पेटवे हे नाव ठाऊक नाही असा काळा माणूस सापडायचा नाही. बाबा बेसेमर ब्लॅक हॅमर्स या बेसबॉल संघाचे कॅचर. गोऱ्यांच्या संघांत आमच्या माणसांना घेत नसत, तेव्हा आमचे वेगळे संघ होते, वेगळी लीग होती, आणि रविवारी चर्च सुटलं की सगळी वस्ती हॅट आणि इस्त्रीचे झगे घालून तशीच मैदानावर जायची. बाबांना लोक 'गेट' म्हणायचे, कारण त्यांच्यामागे चेंडू जात नसे. फाटक बंद म्हणजे बंद. हिवाळ्यात ते पाइपच्या कारखान्यात राबायचे, आणि संघ मोडल्यावर कायमचे तिथेच राबले. म्हातारपणी मग जगाला अचानक त्यांची आठवण झाली. गोरे लोक दूरवरून नवे कोरे चेंडू घेऊन यायचे आणि सही मागायचे. बाबांना पेन नीट धरता येत नसे. तरी ते सही करायचे, आणि ती इतकी वाईट यायची की लोकांना ती अस्सल वाटायची.

ते गेले त्या दिवशी एका वर्तमानपत्रातून फोन आला. बाई गोड बोलत होती. "ते कुणा प्रसिद्ध खेळाडूबरोबर खेळले होते का हो?"

"हो," मी म्हटलं. "होझिया पेटवेबरोबर."

तिने स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं आणि फोन ठेवून भांडी घासायला घेतली. तेव्हाही रडू आलं नाही.

आता हाताचं सांगते. कॅचर बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसतो. डाव्या हातात जाडजूड ग्लव्ह, उजवा हात उघडा. बॅटची कड लागून चेंडू फिरला की तो सरळ त्या उघड्या बोटांवर येतो. बाबांची तर्जनी मेरिडियनला मोडली, मधलं बोट चॅटनूगाला, आणि करंगळी अशा एका गावात, ज्याचं नाव त्यांना कधी आठवायचं नाही, तिथले डास मात्र आठवायचे. त्या गावांत दवाखाने होते, पण ते आमच्यासाठी नव्हते. मग बाबा स्वतःच बोट ओढून जागेवर आणायचे, शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधायचे आणि परत उकिडवे बसायचे. हाडं जुळायची ती त्यांच्या मनाला येईल तशी. शेवटी तर्जनी दाराकडे बघायची, मधलं बोट खिडकीकडे, आणि करंगळी आपल्याच विचारात. शर्टाची बटणं आई लावून द्यायची. आई गेल्यावर मी लावायचे.

त्याच हाताने कॅचर मांड्यांच्या मध्ये, फक्त पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, दिसतील अशा खुणा करतो. एक बोट म्हणजे सरळ चेंडू टाक, दोन म्हणजे वळव. समोरचे संघ खुणा चोरायला टपलेले असत, पण बाबांच्या खुणांपुढे त्यांनी हात टेकले. बाबांचं एक बोट दोनांसारखं दिसायचं, आणि दोन बोटं कशासारखीच दिसायची नाहीत. ती वाचणारा जगात एकच माणूस होता, त्यांचा पिचर क्लीओफस टार्व्हर. पुढे आम्ही घरचे वाचायला लागलो.

एक खूण मात्र कुणालाही वाचता आली असती. मूठ.

कॅचरची पाठ प्रेक्षकांकडे असते. मागच्या जाळीला टेकलेले लोक काय पुटपुटतात, ते सगळ्यांत आधी त्याला ऐकू येतं. परगावी गोऱ्यांच्या संघाशी सामना असावा, आपण पुढे असावं, आणि मागच्या बोलण्याचा सूर बदलावा. बाबा मागे वळूनसुद्धा बघत नसत. मांड्यांच्या मध्ये मूठ आवळायचे. मूठ म्हणजे पुरे झालं, घरी चला. क्लीओफस काका मग नखरे बंद करून भराभर चेंडू टाकायचे, मैदानात नजरेला नजर भिडायची, आणि डाव संपला की अंघोळीला नाही, जेवायला नाही, थेट बस. त्या मुठीमुळे हॅमर्सचा प्रत्येक माणूस प्रत्येक वेळी घरी आला, असं काका सांगायचे. बाबा काही सांगायचे नाहीत.

ती मूठ आमच्या घरात अर्थासकट आली. पास्टरांचं प्रवचन लांबलं की बाबांच्या गुडघ्यावर मूठ दिसायची आणि आई ओठ दाबून छताकडे बघायची. कुणाच्या लग्नात, कारखान्याच्या जेवणात, दातांच्या डॉक्टरकडे. मूठ दिसली की मी आपले बूट शोधायला लागायचे. पुढे झटका आला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं आता यांचं कसं होणार. आमचं काही अडलं नाही. एक बोट म्हणजे पाणी. दोन म्हणजे टीव्हीचा आवाज वाढव. मूठ म्हणजे मूठच.

शेवटचा आठवडा ते इस्पितळात होते. नाकातली नळी ते उजव्या हाताने उपटून काढायचे, म्हणून नर्सने त्या हाताला पांढरी गादीदार पिशवी चढवली आणि मनगटाशी पट्टीने बांधली. रीतच आहे ती, तिचा दोष नाही. जन्मभर ग्लव्ह डाव्या हातात घातला आणि शेवटी घातला तो उजव्यात. मी त्या पिशवीवर हात ठेवून बसायचे. आत बोटं काहीतरी करायची, मला गादीतून जाणवायचं, पण काय ते कळायचं नाही. बाबा माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "काय हवंय बाबा? पाणी?" ते बघतच राहायचे. एका सकाळी मी घरी कपडे बदलायला गेले होते तेव्हा ते गेले, आणि मी पोचायच्या आत मयताची सोय करणाऱ्या गेलार्डची गाडी त्यांना घेऊन गेली होती.

त्यामुळे मला एवढंच हवं होतं. माती टाकण्याआधी तो हात एकदा बघायचा होता. वाकडा, जसा होता तसा. बाकी माझं काही मागणं नव्हतं. आदल्या संध्याकाळी येऊन बघून घ्या असं गेलार्डने कळवलं होतं, पण माझ्याच्याने जाववलं नाही. मी फक्त सूट पाठवला. आणि आता बघायला उभी राहिले तर पेटीत हे परक्याचे हात.

"मिस ओझेला, सगळं मनासारखं झालंय ना?" ज्युलियन गेलार्ड शेजारी येऊन हळूच म्हणाला. बेसेमरमध्ये आमची मयतं तीन पिढ्या गेलार्डांकडेच जातात. ज्युलियन त्यातला धाकटा, काळा सूट, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही.

"हात," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. "ते मी स्वतः केलेत, कामगारांना हात लावू दिला नाही. माझे आजोबा गेट पेटवेचं नाव काढल्याशिवाय जेवायचे नाहीत. म्हटलं, या हातांनी फार सोसलंय. देवापुढे जाताना तरी ते धड असावेत."

"कसे केले?"

"ते तुम्ही ऐकू नका. शिरा सोडवाव्या लागतात."

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिने त्याची टायच धरली असती. मलाही ते सुचलं, नाही असं नाही. पण त्याच्यावर चिडायला आधी काहीतरी वाटावं लागतं. आणि त्याचं चुकलं ते प्रेमापोटी. जिवंतपणी ज्यांना कुणी धड खुर्ची दिली नाही, त्यांना एकदा तरी राजासारखं निजवायचं, याचा आमच्या लोकांना भारी अभिमान. बोट मोडलेलं दिसलं की गेलार्डांना ते नीट करावंसं वाटणारच. ते का मोडकं राहिलं, हे त्या बोटातच लिहिलेलं होतं, आणि त्याने ते पुसून लख्ख केलं होतं.

"छान केलंय," मी म्हटलं. आईने मला असंच वळण लावलं आहे.

सिस्टर लूविनिया पांढऱ्या गणवेशात मागे उभी होती. मयताच्या दिवशी घरच्यांना भोवळ आली तर सावरायचं, हे तिचं चर्चमधलं काम. ती हातात रुमाल घेऊन मघापासून माझ्याकडे आशेने बघत होती.

"पड बाई एकदाची," ती कानाशी कुजबुजली. "मी धरते तुला. असं कोरडं उभं राहणं बरं नाही दिसत."

"मला नाही येत रडू, लूविनिया."

"येत नाही म्हणजे काय? सख्ख्या बापासाठी येत नाही? गेल्या महिन्यात हिच्या नवऱ्याच्या वेळी," तिने पहिल्या बाकाकडे मान हलवली, "ती दोनदा पडली. आणि नवरा काय लायकीचा होता ते तुला ठाऊक आहे."

मी पुन्हा हातांकडे बघितलं. खालच्या बाकांवर गेलार्डांच्या जाहिरातीचे कागदी पंखे हलत होते. तळघरातल्या स्वयंपाकघरातून मयतानंतरच्या जेवणाचा वास यायला लागला होता, तळलेली कोंबडी आणि रताळ्याचं भाजलेलं गोड. मला भूक लागल्याचं लक्षात आलं आणि त्याचंही काही वाटलं नाही.

तेवढ्यात दारातून क्लीओफस काकांचा आवाज आला. काकांना चर्चमध्ये हळू बोलणं जमत नाही. साखरेने त्यांचे डोळे गेलेत, कानही अर्धे गेलेत, म्हणून जग आपल्यासारखंच बहिरं आहे असं ते धरून चालतात. हॅमर्सच्या त्या संघातले हे शेवटचे. मोबिलहून नात गाडीने घेऊन आली होती, आणि आता ती त्यांची चाकाची खुर्ची मधल्या वाटेने ढकलत आणत होती. मांडीवर तपकिरी हॅट, तोंडाने सूचना चालू. "सावकाश. मी पिचर आहे, चेंडू नाही."

"काका," मी वाकून म्हटलं.

"ओझेला? पाय ओढत चालतेस. बूट नवे घेतलेस वाटतं."

"हो."

"मयताला नवे बूट घालू नयेत. होझिया हसला असता." त्यांनी हात पुढे केला. "कुठाय तो? हात दे मला त्याचा."

या दोघांची भेटायची एक पद्धत होती. हस्तांदोलन म्हणून नाही. बाबांचं मधलं बोट जिथे वाकलं होतं त्या खाचेत काका आपली तर्जनी अडकवायचे, दाराला कडी घालावी तशी, आणि एक हिसका द्यायचे. अख्खं आयुष्य तेवढंच. मिठी नाही, पाठीवर थाप नाही.

नातीने खुर्ची पेटीला लावली. मी काकांचं मनगट धरून त्यांचा हात आत नेला आणि बाबांच्या उजव्या हातावर ठेवला. त्यांची तर्जनी खाच शोधायला लागली. मधल्या बोटावरून खाली गेली, वर आली. शेजारच्या बोटावर गेली. परत आली. मग त्यांनी अख्खा पंजा चाचपला, सावकाश, करंगळीपर्यंत.

"हा कोण आहे?" काका म्हणाले.

"बाबा आहेत, काका."

"मी आंधळा आहे. खुळा नाही." ते नातीकडे वळले. "पेटवे म्हटलं होतं मी तुला. मोबिलपासून आणलंस आणि भलत्याच्या मयतात शिरलो आपण. हा कुणी मास्तर आहे, बघ याची बोटं. चल, उलटी फिरव."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पंखे थांबले. ज्युलियन गेलार्ड भिंतीपाशी उभा होता, त्याचा चेहरा उतरला.

"काका, बाबाच आहेत," मी म्हटलं. "बोटं सरळ केली आहेत त्यांची. चांगली दिसावीत म्हणून."

काकांनी हात काढला नाही. हॅट मांडीवरून घसरली, नातीने उचलली. त्यांनी कुणाला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नुसते नाकाने श्वास घेत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "खूण काय करतोय?"

"अं?"

"मला दिसत नाही, पोरी. तू बघून सांग. काय मागतोय तो?"

मी बघितलं. सगळी बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली, पावडर लावलेली. "काही नाही," मी म्हटलं. "नुसता ठेवलाय हात."

"नुसता?" काका म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज खरोखरच हळू झाला होता. "होझिया कधी नुसता बसला नाही. एवढी वर्षं मी त्याच्याकडे बघून टाकले चेंडू, एकदाही मला त्याने तिथे एकटं सोडलं नाही. काहीतरी मागितलंच. तो काही मागत नाही म्हणतेस, तर मग मी टाकू काय?"

मी ज्युलियनला बोटाने बोलावलं. तो आला.

"या हाताची मूठ करा," मी म्हटलं.

"मिस ओझेला..."

"बोटं सरळ तुम्ही केलीत. ती मला परत वाकडी नकोत, जमणारही नाहीत. पण मुठीत कुणाला कळतंय काय सरळ आणि काय वाकडं. मूठ करा. नाहीतर बाजूला व्हा, मी करते."

लूविनिया रुमाल घेऊन पुढे सरकली, आता मी पडणार या भरवशावर. ज्युलियनने बाह्या किंचित वर घेतल्या आणि बाबांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. शिरा सोडवलेल्या होत्या, त्यामुळे बोटं मुकाट मिटली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारची, मग मधलं, मग तर्जनी. वरून अंगठा. त्याने तळवा जरा दाबून धरला, आणि हात सोडला तेव्हा मूठ तशीच राहिली.

ती बाबांची मूठ होती. तिच्यात परकं काही नव्हतं.

ज्युलियन मात्र तिथून हलला नाही. खाली बघत तो म्हणाला, "एक सांगतो, रागावू नका. आमच्याकडे आणलं तेव्हा मूठच होती."

"काय?"

"इस्पितळाची ती पिशवी हाताला तशीच होती. मी काढली तर आत मूठ. इतकी घट्ट की नखं तळव्यात रुतलेली. उघडायला माझी सगळी दुपार गेली." त्याने बाह्या परत खाली ओढल्या. "मला वाटलं, दुखण्याने आवळली असेल. म्हटलं, आता तरी मोकळी होऊ दे."

डॉक्टर म्हणतील, झटका आलेल्या माणसाचा हात असाच वळतो. म्हणोत बापडे. मी आठवडाभर त्या गादीवर हात ठेवून बसले होते आणि विचारत होते, पाणी हवंय का. आणि आत माझा बाप सारखं एकच सांगत होता, ज्याला दुसरा अर्थ आमच्या घरात कधी नव्हता. पुरे झालं. घरी चल.

मला रडू आलं ते सुबक आलं नाही. पोटातून आलं, आवाजासकट, आणि मी खरंच पडले. लूविनियाने धरलं. तिच्या कडक इस्त्रीच्या खांद्यावर माझं नाक, डोळे, पावडर सगळं लागलं, आणि ती माझी पाठ चोळत राहिली.

"काय झालं?" काका विचारत होते. "कुणी सांगाल का मला? काय मागतोय तो?"

मी लूविनियाचा हात सोडला आणि काकांच्या खुर्चीशी वाकले. त्यांचा हात परत पेटीत नेला आणि मुठीवर ठेवला. त्यांनी ती चाचपली. ही मूठ त्यांनी जन्मभर साठ फुटांवरून पाहिली होती, हातात कधीच घेतली नव्हती.

"अच्छा," काका म्हणाले.

त्यांनी नातीकडे हात करून हॅट मागितली आणि डोक्यावर घातली. चर्चमध्ये पुरुष डोक्यावर काही घालत नाहीत, पण त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

"ऐकलं ना सगळ्यांनी?" ते मागे वळून, आपल्या नेहमीच्या आवाजात, भरल्या चर्चला म्हणाले. "पास्टरांना सांगा, आज थोडक्यात आटपा. गेटला घरी जायचंय."